ॲट्राच्या कॅप्सूल प्रत्येक सिव्हिलमध्ये ठेवा: आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री व मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. मंत्री व मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग,
आणि राज्यातील सर्व जिल्हा शल्यचिकित्सक

विषय: एपीएल या रक्ताच्या कर्करोगावरील ॲट्रा हे औषध प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कायम उपलब्ध ठेवण्याबाबत

महोदय,

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचायला सवड मिळाली नाही तरी ती आपल्यापर्यंत पोचेल. ट्रेटिनॉइन, म्हणजे डॉक्टर ज्याला ॲट्रा म्हणतात, त्याच्या १० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल राज्यातल्या प्रत्येक सिव्हिलमध्ये आणि प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कायम असाव्यात. एका मोठ्या माणसाला पहिले दहा दिवस पुरतील एवढ्या, म्हणजे सत्तर-ऐंशी. आणि एपीएलची रास्त शंका आली की हाडांतल्या मज्जेच्या तपासणीच्या अहवालाची वाट न बघता पहिला डोस द्यावा, असा आपल्या सहीचा लेखी आदेश असावा.

मी जिल्ह्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवते. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या दवाखान्यांतून, नर्सिंग होममधून रक्ताचे नमुने माझ्याकडे येतात. त्यांत एपीएल फार क्वचित दिसतो. अॅक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया असे त्याचे पूर्ण नाव. मायलॉइड प्रकारच्या तीव्र रक्तकर्करोगात शंभरातले दहा-पंधरा रुग्ण याचे. अमेरिकेसारख्या मोठ्या देशातही वर्षाला सहाशे ते आठशे नवे रुग्ण सापडतात, इतका तो विरळा. पण रक्ताच्या सगळ्या तीव्र कर्करोगांत हमखास बरा होणारा हाच आहे, आणि सगळ्यात घाईने माणूस नेणाराही हाच. हे दोन्ही एकाच वेळी खरे असल्यामुळेच हे पत्र लिहिते आहे. इथे माणूस जगतो की जातो ते बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांत ठरते, आणि ते दिवस मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जात नाहीत. ते आमच्याकडे, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी जातात.

पावसाळा लागला की माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर एकच शब्द असतो: डेंग्यू. ताप, अंगदुखी, प्लेटलेट कमी. घरोघरी पपईच्या पानांचा रस निघू लागतो, नातेवाईक सकाळ-संध्याकाळ काउंट विचारायला येतात. या गर्दीत एपीएलचा रुग्ण सहज झाकून जातो. त्यालाही ताप असतो. त्याच्याही प्लेटलेट वीस-पंचवीस हजारांवर आलेल्या असतात. हिरड्यांतून रक्त येते, मुलींची पाळी थांबत नाही, अंगावर काळेनिळे डाग पडतात. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पांढऱ्या पेशी. ब्लड कॅन्सर म्हटला की पांढऱ्या पेशी लाखाच्या घरात, अशी समजूत सामान्य माणसांचीच काय, अनेक डॉक्टरांचीही असते. एपीएलच्या बहुतेक रुग्णांत त्या कमी झालेल्या असतात. डेंग्यूतही कमीच होतात. सेल काउंटर मशीनमधून निघणारा कागद दोन्ही आजारांत वरवर सारखाच दिसतो.

फरक कुठे दिसतो, हे इथे सविस्तर लिहिते, कारण हे पत्र आपल्याबरोबरच गावोगावचे डॉक्टरही वाचतील अशी आशा आहे. पहिला फरक हिमोग्लोबिनचा. डेंग्यू बळावतो तेव्हा रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतो, रक्त घट्ट होते, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, चढते. एपीएलमध्ये हाडांतली मज्जाच रोगट पेशींनी भरून गेलेली असते, त्यामुळे तांबड्या पेशीही घटतात आणि हिमोग्लोबिन सात-आठवर आलेले असते. दुसरा फरक रक्त गोठण्याचा. पीटीची, म्हणजे रक्त गोठायला लागणारी, वेळ लांबलेली, रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन तळाला गेलेले, गुठळ्या विरघळत असल्याची खूण असलेले डी-डायमर खूप वाढलेले. तिसरी खूण अंगावरच असते: ताप म्हणून कमरेत इंजेक्शन दिलेले असते आणि त्या जागी तळहाताएवढा काळा डाग पसरलेला असतो. प्लेटलेट कमी असलेल्या रुग्णाला स्नायूत इंजेक्शन देऊच नये. पण तापाला इंजेक्शन हवेच, असा पेशंटचा आग्रह आणि डॉक्टरची सवय दोन्ही आपल्याकडे आहेत.

आणि शेवटची खात्री काचपट्टीवर. लेशमन या रंगाने रंगवलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली घेतली की मोठाल्या पेशी दिसतात, जांभळ्या कणांनी गच्च भरलेल्या, केंद्रक मधोमध दुमडून दोन पाकळ्या झालेल्या. एखाद्या पेशीत ऑवर रॉड नावाच्या लालसर काड्या सरपणाच्या मोळीसारख्या एकत्र पडलेल्या असतात. तशी एक पेशी दिसली, तरी फोन उचलायला तेवढे पुरे. पांढऱ्या पेशीच हजार-बाराशे असल्या तर अशी पेशी शोधायला स्लाइडच्या कडेपर्यंत जावे लागते, दहा-पंधरा मिनिटे लागतात. मशीन ते काम करत नाही. आणि पावसाळ्यात दिवसाला शेकड्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, होणाऱ्या ठिकाणी प्रत्येक स्लाइड माणसाच्या डोळ्यांखालून जात नाही, हे आपल्या विभागालाही ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीचा नमुना माझ्याकडे आला. डेंग्यू म्हणून एका खासगी दवाखान्यात तिला सलाइन चालू होते. स्लाइड पाहून मी तिच्या डॉक्टरांना फोन केला. भला माणूस, लगेच समजला. त्यांचा पहिला प्रश्न होता, औषध कुठे मिळेल? जिल्ह्यातल्या एकाही औषधविक्रेत्याकडे ॲट्रा नव्हते. मुंबईहून मागवतो, उद्या संध्याकाळपर्यंत येईल, असे उत्तर मिळाले. सरकारी भांडारातही नव्हते. तिला रात्रीच मुंबईला हलवायचे ठरले. वाटेत डोके दुखू लागले, उलटी झाली, आणि पोचेपर्यंत शुद्ध गेली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. एपीएलची खात्री करणाऱ्या पीएमएल-रारा चाचणीचा अहवाल पॉझिटिव्ह आला तेव्हा तिचा दहावा होऊन गेला होता. मी कुणाकडे बोट दाखवत नाही. त्या साखळीतल्या प्रत्येकाने आपापले काम केले. फक्त गोळी नव्हती.

ती गोळी काय करते, हे थोडक्यात सांगायला हवे, नाहीतर मी एवढी अडून का बसले आहे ते कळणार नाही. या आजारात पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. ही अदलाबदल १९७७ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवली. त्यातून पीएमएल-रारा नावाचे एक विकृत प्रथिन तयार होते आणि ते पांढऱ्या पेशींची वाढ अर्ध्यावर अडवून धरते. या अर्धवट वाढलेल्या पेशींच्या अंगी रक्त गोठवणारी आणि गुठळ्या विरघळवणारी, दोन्ही प्रकारची द्रव्ये असतात. शरीरभर बारीक गुठळ्या होत राहतात, त्यांत गोठण्याचे घटक संपून जातात आणि मग कुठूनही रक्त वाहू लागते. १९५७ मध्ये नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी या आजाराचे पहिले वर्णन केले ते तीन रुग्णांवरून. काही आठवड्यांत माणूस नेणारा, ल्युकेमियाचा सर्वांत जहाल प्रकार, असे त्यांनी लिहिले. नेहमीच्या केमोथेरपीने या पेशी मारायला जावे, तर फुटताना त्या पोटातली द्रव्ये रक्तात सोडतात आणि रक्तस्राव आणखी वाढतो.

शांघायच्या रुइजिन रुग्णालयात वांग झेनयी नावाच्या डॉक्टरांनी वेगळा विचार केला. पेशी मारण्याऐवजी तिची अडलेली वाढ पुरी करून दिली तर? अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल त्यांनी त्यासाठी निवडले. १९८० च्या दशकाच्या मध्यास, सगळे उपाय थकलेल्या एका पाच वर्षांच्या मुलीला त्यांनी ते दिले आणि ती बरी झाली. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने चोवीस रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. चोवीसच्या चोवीस जणांचा आजार आटोक्यात आला होता, आणि एकाचा अपवाद सोडला तर केवळ या कॅप्सूलवर. रुग्णांच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे औषध सुरू झाल्यावर काही दिवसांतच रक्तस्राव आटोक्यात येऊ लागतो. म्हणून हे औषध आजाराच्या निदानानंतरचे नाही, शंकेच्या क्षणाचे आहे. अमेरिकेत त्याला १९९५ मध्ये मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. आपल्या देशाच्या अत्यावश्यक यादीतही ते आहे. हाच रेणू मुरमांवरच्या मलमाच्या नळीत कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतो. त्या मलमाचा या आजारात काडीचा उपयोग नाही. सांगायचे एवढेच की हा पदार्थ दुर्मीळ नाही, बनवायला अशक्य नाही. फक्त तोंडावाटे घ्यायची कॅप्सूल आमच्या जिल्ह्यात नसते.

दुसरे औषधही चीनचेच, हार्बिनमधले. आर्सेनिक ट्रायऑक्साइड, आपल्याकडची जुनी माणसे ज्याला सोमल म्हणून ओळखतात ते. १९७० च्या दशकात झांग तिंगदोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शिरेतून देऊन पाहिले. पुढे या दोन औषधांची जोडी जमली. इटली आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी लो-कोको यांच्या नेतृत्वाखाली केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या नाहीत अशा रुग्णांना ही जोडी दिली, तर दोन वर्षांनंतर शंभरातले सत्त्याण्णव जण कोणत्याही विघ्नाविना होते. ॲट्राला आर्सेनिकऐवजी केमोथेरपीची जोड दिलेल्या गटात हा आकडा श्याऐंशी होता. रक्ताच्या कर्करोगात असे आकडे वाचायला मिळत नाहीत. (ही शुद्ध केलेली, मोजून दिलेली, ईसीजीवर लक्ष ठेवून दिलेली इंजेक्शने आहेत. कुणी सोमलाचे भस्म विकत असेल तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका.)

आपल्या देशानेही यात मोलाचे काम केले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात विक्रम मॅथ्यूज, मॅमन चंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ ते २००४ या काळात बहात्तर नव्या रुग्णांना एकटे आर्सेनिक दिले. श्रीमंत देशांतले महाग उपचार परवडत नव्हते म्हणून त्यांनी ही वाट धरली. शंभरातल्या श्याऐंशी जणांचा आजार आटोक्यात आला. जगभरच्या डॉक्टरांनी त्या निबंधाची दखल घेतली.

मग माणसे का मरतात? औषध आहे, ज्ञान आहे, यादीत नाव आहे. अमेरिकेतल्या कर्करोग नोंदणीतून १९९२ ते २००७ या काळातल्या चौदाशे रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा शंभरातले सतरा पहिल्या महिन्यातच गेल्याचे दिसले. स्वीडनमध्ये, जिथे प्रत्येक रुग्णाची नोंद होते, एकोणतीस. निवडक रुग्णांवर केलेल्या अभ्यासांत हे आकडे दिसत नाहीत, कारण जे दवाखान्याच्या दारातच गेले ते अभ्यासात पोचतच नाहीत. अमेरिका-स्वीडनची ही गत, तर गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या रुग्णाचे काय होत असेल, याचा अंदाज आपण करावा. तो आमच्या नोंदवहीत डेंग्यू म्हणून, नाहीतर मेंदूतील रक्तस्राव म्हणून लिहिला जातो.

यावर उपाय निघाला तो ब्राझीलमध्ये, आणि म्हणून तो आपल्याला लागू आहे. तिथे पूर्वी शंभरातले बत्तीस रुग्ण सुरुवातीलाच दगावत होते. अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या मदतीने ब्राझील, मेक्सिको, चिली आणि उरुग्वे या देशांतल्या डॉक्टरांनी एक जाळे उभारले. शंका आली की ॲट्रा लगेच सुरू. पीएमएल प्रथिनाची चाचणी काही तासांत कळेल अशी. प्लेटलेट आणि प्लाझ्मा सढळ हाताने. आणि अडलेल्या डॉक्टरला अनुभवी डॉक्टरचा सल्ला. २०१३ मध्ये त्यांनी आपले आकडे मांडले, तेव्हा सुरुवातीचे मृत्यू बत्तीसवरून पंधरावर आले होते. त्यांनी नवे औषध शोधले नाही. होते तेच वेळेवर पोचवले.

आपल्या राज्याला अशा कामाची परंपरा आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र जागून तपासले आणि रक्तदाबाची प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यावर चालते, हे दाखवून दिले. कोकणातल्या वाड्यावस्त्यांवरची पोरे त्या गोळीने वाचली, कारण ती आरोग्य केंद्रातच मिळत होती. तिच्यासाठी मुंबई गाठावी लागली असती तर तिचा काही उपयोग झाला नसता. ॲट्राच्या बाबतीत आज नेमके तेच चालले आहे.

आता आपल्या कार्यालयांत निघणाऱ्या हरकतींकडे येते. यांतल्या बहुतेक मी स्वतः ऐकल्या आहेत.

निदान चुकले तर? चुकेलही. पण एपीएल नसलेल्या माणसाला दोन-तीन दिवस ॲट्रा दिल्याने जे नुकसान होते ते अत्यल्प आहे, अहवाल आला की औषध थांबवता येते. जगातल्या सगळ्या मान्य उपचारपद्धती हेच सांगतात: शंका आली की सुरू करा, चाचणीने खोटी ठरली की थांबवा. अपवाद गरोदर स्त्रियांचा. पहिल्या महिन्यांत या औषधाने बाळाला व्यंग येऊ शकते, त्यामुळे बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रीची गर्भचाचणी आधी करावी आणि ती गरोदर असेल तर रक्तविकारतज्ज्ञाशी बोलूनच ठरवावे.

औषधाचा त्रास झाला तर? एक त्रास खरोखर जपण्याजोगा आहे. पेशी भराभर वाढू लागल्या की काही रुग्णांना ताप येतो, अंगावर सूज येते, वजन चढते, धाप लागते. याला डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात आणि तो जिवावर बेतू शकतो. पण त्यावरचे औषध डेक्सामेथासोन आहे, १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ट्रेमध्ये असते. रोज वजन करायचे आणि ऑक्सिजनची पातळी बघायची, एवढी सूचना आदेशात असली तरी पुरे.

रुग्णच आला नाही आणि साठ्याची मुदत संपली तर? खरी अडचण हीच आहे आणि ती उघडपणे मांडायला हवी. भांडारपाल दुर्मीळ औषध मागवत नाही, कारण मुदत संपली की लेखापरीक्षणात आक्षेप त्याच्या नावावर निघतो. त्या बिचाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? आदेशातच लिहा की या औषधाच्या न वापरलेल्या साठ्यावर आक्षेप घेतला जाणार नाही. आणि मुदत संपायच्या सहा महिने आधी तो साठा ज्या रुग्णालयांत हे रुग्ण नियमित येतात तिथे पाठवायचा, जिल्ह्याला नवा द्यायचा. एकही कॅप्सूल वाया जायचे कारण नाही.

आणि खर्च? छत्तीस जिल्हे, प्रत्येकी ऐंशी कॅप्सूल. हिशोब तीन हजारांच्या आत आहे. वैद्यकीय महाविद्यालये धरली तरी अख्ख्या राज्याचा साठा एका कपाटात मावेल. एकेका रुग्णालयाने ऐंशी कॅप्सूलची निविदा काढली तर तिला कुणी उत्तरही देणार नाही, म्हणून ही खरेदी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने एकत्र करावी. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने अनेक रुग्णालयांसाठी औषधांची एकत्र खरेदी करून दाखवली आहे, तो अनुभव हाताशी आहे. कॅप्सूलला फ्रिज लागत नाही. उजेडापासून दूर, साध्या कपाटात राहते.

नुसत्या कॅप्सूलने भागणार नाही, हेही सांगते. रक्तस्राव थोपवून धरायला प्लेटलेट तीस ते पन्नास हजारांच्या वर आणि फायब्रिनोजेन शंभर-दीडशेच्या वर ठेवावे लागते. त्यासाठी क्रायो, म्हणजे प्लाझ्मातून वेगळा काढलेला फायब्रिनोजेनयुक्त घटक, लागते, आणि ते रक्ताचे घटक वेगळे करण्याची सोय असलेल्या रक्तकेंद्रातच मिळते. प्रत्येक जिल्ह्याला असे जवळचे रक्तकेंद्र नेमून द्या आणि अशा रुग्णाला रक्ताची पिशवी बदली दात्याविना मिळेल, हे बघा. रुग्णाला हलवायचे असेल तर ॲट्राचा पहिला डोस पोटात, प्लेटलेट चढवलेल्या आणि पुढच्या डोसांची पुडी सोबत, असेच हलवावे. १०८ ची गाडी आहे, ती चांगली सेवा आहे. पण गाडी वेळ भरून काढत नाही.

फुले जनआरोग्य योजनेत मंजुरीसाठी मज्जेचा अहवाल लागतो. तो यायला लागणारे दिवस आणि रुग्णाकडे असलेले दिवस यांचा मेळ बसत नाही. एपीएलच्या शंकेला, स्लाइडचा फोटो आणि पीटीचा कागद एवढ्यावर तातडीची मंजुरी मिळावी आणि अहवाल मागाहून जोडायची मुभा असावी. रुग्णालयात बसणारा या योजनेचा आरोग्यमित्र आज या आजाराचे नावही ओळखत नाही. त्याच्या यादीत ते नाव ठळक छापा.

ज्याला शंका आली त्या डॉक्टरला रात्री अकरा वाजता बोलायला माणूस हवा. परळ आणि खारघर इथले टाटा मेमोरियलचे तज्ज्ञ, नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगरची मोठी रुग्णालये यांनी पाळीपाळीने सांभाळायचा एक दूरध्वनी क्रमांक पुरे आहे. सिंधुदुर्गातले रुग्ण मुंबईपेक्षा जवळचे म्हणून गोव्याला बांबोळीला जातात, तेव्हा गोवा मेडिकल कॉलेजलाही या जाळ्यात घ्यावे, राज्याची सीमा आड येऊ देऊ नये. स्लाइडचे मोबाइलवर काढलेले फोटो आम्ही पॅथॉलॉजिस्ट आजही एकमेकांना पाठवतोच. त्याला फक्त एक अधिकृत पत्ता द्या.

पहिला महिना तरला की पुढे लांबचा पल्ला असतो. आर्सेनिकच्या पुढच्या फेऱ्यांत आठवड्यातून पाच दिवस, सलग चार आठवडे, मग चार आठवडे विश्रांती, असे चारदा होते. प्रत्येक दिवशी दोन तासांचे सलाइन, एवढ्यासाठी माणसे शेतीचा हंगाम सोडून महिनोन् महिने दादरच्या धर्मशाळेत, नाहीतर परळच्या फुटपाथवर राहतात. काहीजण मधेच उपचार सोडून गावी परततात. त्यांना दोष कसा द्यायचा? केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे काढायचे जाहीर केले आहे. ती निघतील तिथे आर्सेनिकच्या या फेऱ्या द्याव्यात. ईसीजी, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासायची सोय आणि प्रशिक्षित परिचारिका, यापेक्षा जास्त काही लागत नाही.

शेवटची मागणी माझ्याच व्यवसायाशी निगडित आहे. प्लेटलेट पन्नास हजारांखाली आणि हिमोग्लोबिनही कमी, असा अहवाल निघाला तर ती स्लाइड माणसाने पाहिल्याशिवाय कागद बाहेर जाऊ नये, असा नियम सरकारी आणि खासगी सगळ्या प्रयोगशाळांना घालून द्या. आमच्यातल्या काहीजणांना हा जाच वाटेल. मला तो वाटत नाही.

दरवर्षी जूनच्या आधी डेंग्यूच्या तयारीचे परिपत्रक आपल्या विभागातून निघते. येत्या परिपत्रकात या आजाराचा एक परिच्छेद आणि कॅप्सूलच्या पुरवठ्याचा आदेश, दोन्ही एकत्र निघावेत. जिल्ह्यातल्या लॅब तंत्रज्ञांना आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना ही स्लाइड ओळखायला शिकवण्यासाठी माझ्याकडच्या जपून ठेवलेल्या स्लाइड आणि रविवारचे माझे दिवस मी विनामोबदला देईन. आपण फक्त तारीख आणि जागा कळवावी.

आपली,
जिल्ह्याच्या गावी काम करणारी एक पॅथॉलॉजिस्ट